चार दिवसांचं चक्र, एका रात्रीचं जागरण

गाय माजावर आली की गोठ्यातल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ती हंबरत राहते, दावं ओढते, बसायचं नाव घेत नाही. माज आणि झोप यांचं वाकडं आहे, हे जनावरं पाळणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. झोपेचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी मात्र ते फार काळ बाजूला ठेवलं, आणि तेही माहीत असून.

गायीचं माजाचं चक्र साधारण 21 दिवसांचं, प्रयोगशाळेतल्या उंदराच्या मादीचं अवघं चार-पाच दिवसांचं. ती कुठल्या टप्प्यावर आहे हे ओळखायची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. योनीमार्गातल्या थोड्या पेशी घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. 1917 मध्ये स्टॉकार्ड आणि पापानिकोलाऊ यांनी गिनीपिगवर ती वापरली. (हेच पापानिकोलाऊ पुढे स्त्रियांच्या ‘पॅप’ चाचणीमुळे जगभर ओळखले गेले.) गोल, केंद्रक असलेल्या पेशी दिसल्या तर मादी माजाच्या उंबरठ्यावर आहे, केंद्रक नसलेले कोरडे पापुद्रे दिसले तर माज आलेला आहे.

आता तिच्या कवटीवर मेंदूच्या लहरी टिपणाऱ्या तारा बसवा. उंदीर निशाचर, तरी रात्रीही मधूनमधून डुलक्या काढतोच. पण उंबरठ्यावरच्या त्या एका रात्री, इस्ट्रोजेन शिगेला पोचल्यावर, ही मादी डुलक्याही टाळते. सर्वांत मोठी कात्री लागते ती आरईएम झोपेला, म्हणजे बंद पापण्यांआड बुबुळं भिरभिरतात त्या झोपेला. कारण उघड आहे : याच रात्री बीज सुटतं, नर शोधायचा असतो. बीजकोश काढले की हा चढउतार संपतो आणि इस्ट्रॅडिओल (इस्ट्रोजेनचंच एक रूप) दिलं की जागरण परत येतं.

मग नराला इस्ट्रॅडिओल दिलं तर? मेरीलँड विद्यापीठातल्या जेसिका माँग यांच्या गटाने 2014 मध्ये याचं उत्तर छापलं. वृषण काढलेल्या नराच्या झोपेवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. त्याहून विलक्षण म्हणजे, जन्मल्या जन्मल्या टेस्टोस्टेरॉन मिळालेली मादीही मोठेपणी नरासारखीच वागते, तिची झोपही हलत नाही. म्हणजे झोपेचं कुलूप कोणत्या किल्लीने उघडायचं, हे पिल्लाचे डोळे उघडायच्या आत ठरलेलं असतं. मला या सगळ्या विषयातला हा प्रयोग सर्वांत देखणा वाटतो.

मग प्रयोगशाळांनी इतका काळ माद्या का वगळल्या? सबब एकच : त्यांच्या चक्रामुळे आकडे अस्थिर होतात. बीरी आणि झुकर या संशोधकांनी 2009 सालचे शोधनिबंध मोजले, तर मेंदूविज्ञानात केवळ माद्यांवरच्या एका अभ्यासामागे केवळ नरांवरचे साडेपाच निघाले. पुढे 2014 मध्ये झुकर आणि सहकाऱ्यांनी 293 शोधनिबंध चाळले, आणि चक्राकडे न पाहता घेतलेल्या माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विखुरलेले नाहीत असं आढळलं. म्हणजे सबबही खोटी. 2016 पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने अनुदान मागणाऱ्यांना लिंगाचा विचार करायला लावला.

अर्थात उंदीर म्हणजे बाई नव्हे. निद्रानाश स्त्रियांमध्ये पुरुषांच्या सुमारे 1.4 पट आढळतो, आणि पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरू लागलं की तो वाढतो. उंदराच्या मादीत तर इस्ट्रोजेन चढलं की झोप उडते. हे कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही. एक धागा दिसतो. स्त्रीची झोप मोडण्यात रात्री अंगातून निघणाऱ्या वाफांचा मोठा वाटा असतो, आणि म्हातारी उंदरीण स्त्रीसारखी रजोनिवृत्त होतच नाही. तिचं चक्र अनियमित होतं, अनेकदा माजाच्या टप्प्यावरच अडकून बसतं.

नर-मादीतल्या फरकाकडे दुर्लक्ष केलं तर काय होतं, याचं उदाहरण औषधांच्या दुकानात सापडतं. झोल्पिडेम ही झोपेची गोळी अमेरिकेत 1992 मध्ये मंजूर झाली. बायकांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरते. तिथल्या औषध नियामकांनी बायकांसाठी मात्रा 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणायला सांगितली, ती जानेवारी 2013 मध्ये. तोवर 20 वर्षं उलटली होती.

तेव्हा ‘उंदरांवरील प्रयोगात झोपेचं रहस्य उलगडलं’ अशी बातमी पुन्हा वाचाल, तेव्हा त्यात नर किती आणि माद्या किती, हे दिलंय का तेवढं पाहा.