घर पहावें दुरुस्त करून

'घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून' असें आपले वाडवडील सांगून गेले. पण बांधलेलें घर दुरुस्त करण्याविषयीं त्यांनीं मौन कां पाळलें, याचें मला हल्लीं नवल वाटूं लागलें आहे. कदाचित् त्या काळीं दुरुस्ती म्हणजे गांवचा सुतार, गांवचा गवंडी आणि चार पायल्या भात एवढाच व्यवहार असेल. सुतार पळून जाणार कोठें? त्याचें घर आपल्याच आळीच्या टोंकाला. आज घराला नवें रूप देण्यास जो मनुष्य येतो तो खाडीपलीकडून येतो. त्याच्या हातांत करवत नसते, रंगीत चित्र असतें. आणि तो एकदां दिसेनासा झाला म्हणजे त्याला कोठें गांठावें हें गृहस्थाला समजत नाहीं.

अशा एका गृहस्थाची, म्हणजे प्रस्तुत लेखकाची, हकीगत येथें देत आहें. ती सांगण्यांत भूषण नाहीं. परंतु आमच्या अष्टागरांतल्या आणखी चार घरांतून अशीच रड कानीं आली, म्हणून संकोच बाजूस ठेवला आहे.

आमचें घर चौलच्या बाजूस, नारळीपोफळीच्या वाडींत. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा, माथ्यावर मंगळुरी कौलें. पुढें पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, आणि मागें परसांत रहाटाची विहीर. तिघे भाऊ एकत्र. मी वडील असून येथेंच असतों, मधले ठाण्यास, धाकटे पुण्यास. पण गणपतींत व मे महिन्यांत बावीस पानें एका पंक्तीला बसतात. ३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढलें, त्या दिवशीं पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, अर्धीं कौलें उडालीं आणि एक माड माजघराच्या आढ्यावर आडवा झाला. छप्पर त्याच पावसांत कसेंबसें शाकारलें. पण आंत मुरलेली ओल गेली नाहीं. कपाटें कुजलीं, स्वयंपाकघराची जमीन खचली. २०२२ च्या दिवाळींत सर्वांनीं बसून ठरविलें कीं, एकदां नीट काम करावें. दोघां बंधूंनीं आपल्या निवृत्तीच्या रकमेंतून भाग घातला, मीं घातला, आणि विधवा काकूंनीं न मागतां आपल्या ठेवींतले एक लाख पुढें ठेवले.

धाकट्या बंधूंचे चिरंजीव मुंबईस नोकरीला आहेत. त्यांनीं एक सजावटकार सुचविला. या धंद्याचें 'इंटिरियर डिझायनर' हें नांव आतां आपल्याकडे बायकामुलांच्याही तोंडीं बसलें आहे. २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह मांडव्यास येणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हांपासून अशा मंडळींची इकडे ये-जा फार वाढली. गृहस्थ तिशीचे, बोलण्यांत मध. आल्या आल्या काकूंच्या पायां पडले, देवघरापुढें हात जोडले. मग संगणक उघडून आमच्याच घराचें असें कांहीं चित्र दाखविलें कीं, सूनबाई हरखून गेल्या आणि माझ्या मनांतली शंका तेथेंच विरघळली. एकूण खर्च चौदा लाख, मुदत अक्षय्यतृतीयेपर्यंत, निम्मी रक्कम अगोदर.

ते गेल्यावर आमच्या मंडळींनीं आंतून एवढेंच विचारलें, "कागद केलात ना?"

"सुशिक्षित मनुष्य आहे. त्याच्यापाशीं कागद कसला मागायचा?"

हें उत्तर देणारा मनुष्य तेहतीस वर्षें मास्तर होता आणि शाळेची डेडस्टॉकची वही त्याच्याच ताब्यांत होती, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. शाळेचें एक स्टूल मोडलें तरी तारीखवार नोंद करणाऱ्या या मनुष्यानें घरच्या सात लाखांची साधी पावती मागितली नाहीं. रक्कम बँकेंतून परस्पर गेली, तेवढा एक पुरावा उरला. तोही माझ्या शहाणपणानें नव्हे.

जानेवारी २०२३ मध्यें काम सुरू झालें. तीन आठवडे घर वारुळासारखें गजबजलें. स्वयंपाकघर उखडलें, मोरी तोडली. तोडण्याचें काम या लोकांस फार झपाट्यानें येतें. फेब्रुवारीच्या अखेरीस, लाकडाचे भाव चढणार आहेत असें सांगून आणखी तीन लाख नेले. त्यानंतर माणसें रोडावलीं. फोन केला कीं उत्तर ठरलेलें, "काका, दुसऱ्या साइटवर आहें, परवां येतों." मराठींत 'परवां' हा शब्द मागचाही असतो आणि पुढचाही, या गृहस्थांचा परवां कोणता, हें मला शेवटपर्यंत उमगलें नाहीं. २२ एप्रिलला अक्षय्यतृतीया झाली, तेव्हां आमच्याकडे स्वयंपाकघराला ओटा नव्हता.

जें झालें तेंही कसें झालें तें सांगतों, कारण किनाऱ्यावरच्या घरांना यांत शिकण्यासारखें आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. तो पावसांत ओल पितो आणि उन्हाळ्यांत सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला हा श्वास घेऊं देतो. आमच्या सजावटकारांनीं माजघराचा चुना सोलून त्या जागीं सिमेंट आणि वर गुळगुळीत पुट्टी फांसली. चित्रांत ती फार शोभत होती. सिमेंटाखालीं ओल कोंडली, खार बाहेर फुटला आणि जुलैंत भिंतीचे पापुद्रे भाकरीसारखे सुटूं लागले. कपाटांचें तसेंच. तोंडानें वचन 'मरीन प्लाय'चें होतें. सरकारी मानकांत मरीन प्लायचा क्रमांक ७१० आणि सर्वसाधारण प्लायचा ३०३ आहे. हा आंकडा फळीवरच छापलेला असतो. उरलेल्या तुकड्यावर तो पाहिला, तर ३०३. पण भांडावें कशाच्या आधारावर? त्यांच्या अंदाजपत्रकांत नुसतें 'उत्तम प्लाय' एवढेंच लिहिलेलें. बिजागऱ्या लोखंडी होत्या, त्या खाऱ्या हवेनें पहिल्याच पावसाळ्यांत तांबारल्या.

जून लागला तेव्हां उत्तर प्रदेशांतून आलेले दोनच सुतार उरले होते. एके संध्याकाळीं ते पडवींत मुकाट बसून राहिले, तेव्हां कळलें कीं, एप्रिलपासून त्यांना दमडी मिळालेली नाहीं. आमचे दहा लाख गेले होते, आणि ज्यांचे हात आमच्या घराला लागले त्यांच्यापर्यंत त्यांतलें कांहींच पोंचलें नव्हतें! मंडळींनीं त्यांना आठ दिवस जेवूं घातलें आणि जातांना गाडीभाडें दिलें. त्यांतल्या एकानें निघायच्या सकाळीं, कोणी न सांगतां, देवघराचें लोंबकळणारें दार नीट बसवून दिलें. साऱ्या घरांत तेंच एक काम आजवर बिनतक्रार चालतें आहे.

१९ सप्टेंबरला गणपति आले. मोदक परसांतल्या चुलीवर उकडले. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मधल्या बंधूंनीं हिशेब विचारला. विचारणें रास्त होतें; पण मला तें लागलें, आणि सर्वांदेखत मीं पुतण्यास म्हणालों, "तुझ्या माणसानें घर बुडविलें." तो एक अक्षर बोलला नाहीं. पिशवी उचलली आणि त्याच रात्रीं मुंबईस निघून गेला. कोणी कोणाकडे पाहिना. काकू तेवढ्या म्हणाल्या, "पैसे माझेही गेले. पण पैशापायीं पोर दारांतून गेलेलें या घरानें आजवर पाहिलें नव्हतें."

त्या रात्रीं झोंप लागेना, म्हणून कौटिल्याचें अर्थशास्त्र काढून बसलों. १९०९ सालीं म्हैसुरास शामशास्त्र्यांनीं ही पोथी छापून प्रसिद्ध केली, तेव्हांपासून तिची वाखाणणी राजनीतीसाठींच होते. पण चौथ्या अधिकरणाचा आरंभच कारागिरांपासून प्रजेचें रक्षण कसें करावें येथून आहे. काम कोठें, किती मुदतींत आणि कोणतें, हें ठरवून तसें तें करावें. मुदत टळली तर वेतनाचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड घ्यावा. सांगितल्याहून भलतेंच केलें तर सारें वेतन बुडालें, शिवाय दुप्पट दंड. तिसऱ्या अधिकरणांत वेतन घेऊन काम न करणाऱ्यास बारा पण दंड सांगितला आहे, मात्र आजार किंवा संकट असेल तर सवलत. हें मीं शाळेंत मुलांना सांगितलें होतें. स्थळ, काळ आणि कार्य! तिन्हींपैकीं एकही मीं कागदावर आणलें नव्हतें, आणि दोष मात्र पोराच्या माथीं मारला होता. सकाळीं त्याला पत्र लिहिलें.

दसऱ्यानंतर अलिबागेस एका वकिलांकडे गेलों. त्यांच्याकडून जें समजलें तें येथें देतों. १८७२ च्या करारकायद्याप्रमाणें तोंडी करारही करारच. अडचण असते ती शाबितीची. 'आर्किटेक्ट' हें बिरुद १९७२ च्या कायद्यानें नोंदणी झालेल्यालाच लावतां येतें. सजावटकारास अशी नोंदणी सक्तीची करणारा कायदा नाहीं, म्हणून पाटीवर भुलूं नये. परंतु पैसे घेऊन केलेलें काम ही 'सेवा' ठरते आणि तींतल्या उणीवेबद्दल २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं जिल्हा आयोगापुढें दाद मागतां येते. तक्रार आपण रहातों त्याच जिल्ह्यांत करतां येते, प्रतिपक्षाच्या मागें मुंबईस खेटे घालावे लागत नाहींत. तक्रारीचें कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत मात्र ती केली पाहिजे. पांच लाखांपर्यंत मोबदला दिला असेल तर फी नाहीं. पांचांपासून दहा लाखांपर्यंत अवघे दोनशें रुपये. आपसांत तडजोड करवून देण्याचीही सोय कायद्यांत आहे.

वकिलांनीं अगोदर एका इंजिनियराकडून झालेल्या कामाचें माप घेवविलें. किंमत निघाली चार लाख तीस हजार. तें माप, बँकेचे उतारे, छायाचित्रें आणि पुतण्याच्या फोनमध्यें जपलेले त्यांचे सारे निरोप जोडून नोटीस गेली. होय, पुतण्याच्या फोनमधले. पत्र मिळाल्यावर तो पुढच्याच रविवारीं आला होता. 'मरीन प्लाय'चें वचन त्या निरोपांत लेखी सांपडलें! मुंबईहून आधीं उद्दाम उत्तर आलें, मग मऊ आलें, मग ते स्वतः आले. आपलेच पैसे दुसऱ्या ठिकाणीं अडकल्याचें त्यांनीं सांगितलें. खरें असेल, पण एका घराच्या पैशानें दुसऱ्या घराचें काम चालविणें हा मार्ग शेवटीं सर्वांनाच बुडवितो. साडेतीन लाख तीन हप्त्यांत परत देण्याचें ठरलें.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मे २०१८ मध्यें आमच्याच तालुक्यांत, कावीर येथें, याच धंद्यांतल्या एका गृहस्थाचा करुण अंत झाला. त्यांनीं मागें ठेवलेल्या चिठ्ठींत बड्या गिऱ्हाइकांकडे थकलेल्या रकमांचा उल्लेख होता. गिऱ्हाइकाकडून आरोपाचा इन्कार झाला आणि तें प्रकरण पुढें थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें. त्याच्या न्यायनिवाड्यांत आपण शिरूं नये. पण झालेल्या कामाचे पैसे वेळच्या वेळीं देणें हेंही गृहस्थाचें कर्तव्यच आहे, हें विसरून केवळ सजावटकारांस झोडपणें मला मान्य नाहीं. म्हणून पुढचें काम काढतांना आम्हीं असा कागद केला कीं, दोघांनाही त्याचा आधार वाटावा.

तें काम आळींतल्याच सुताराला दिलें. तो माझा जुना विद्यार्थी. मजकूर पुतण्यानें लिहिला. कोणत्या खोलींत काय, कोणत्या क्रमांकाची फळी, बिजागरी पितळेची, माजघरास पुन्हां चुना. दहा टक्के विसार, मग एकेक टप्पा पुरा झाला कीं आठ दिवसांत त्याचे पैसे. आणि शेवटचा दशांश एक पावसाळा काढून दसऱ्याला. हें कलम मंडळींचें. त्यांचें म्हणणें, किनाऱ्यावरचें काम पावसानें पाहिल्याखेरीज पुरें झालें असें समजूं नये. १२ ऑक्टोबर २०२४ ला दसरा होता. भिंत कोरडी होती, एकही दार फुगलें नव्हतें. मुंबईचा तिसरा हप्ता अजून येणें आहे; पहिले दोन मिळाले, त्यांतून काकूंचे एक लाख त्यांच्या ठेवींत परत भरले.

सुतार सोनें द्यायला आला, तेव्हां ओटीवर त्याचे पैसे मोजून दिले आणि वहींत त्याची सही घेतली. तो उठला नाहीं. "गुरुजी," तो म्हणाला, "काम पसंत पडलें असें दोन ओळींत मलाही लिहून द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला होईल." पुतण्यानें लगेच कागद ओढला.