मुठीचे धान्य



स्वयंपाकघरातील डब्यांच्या रांगेत एक लहानसे मडके किंवा पत्र्याचा डबा वेगळा ठेवलेला असावा, आणि घरातील गृहिणीने तांदूळ वैरण्यापूर्वी अथवा दळणाचे धान्य काढताना त्यातील एक मूठ प्रथम त्या डब्यात टाकावी, अशी चाल महाराष्ट्रात व गोमंतकात एके काळी पुष्कळ घरांतून होती. आठवड्याने किंवा महिन्याने कोणी स्वयंसेवक खांद्यावर झोळी घेऊन दाराशी येई, डबा झोळीत रिकामा करी व पुढच्या दाराकडे वळे. या योजनेला मुष्टिफंड म्हणत. पणजी शहरात १९०८ साली निघालेल्या मराठी शिक्षणसंस्थेने तर हेच नाव धारण केले. पोर्तुगीज अमलात मराठी शाळेला राजाश्रय मिळणे कठीण होते. तेव्हा घरोघरच्या मूठभर तांदळावर ती शाळा उभी राहिली, आणि मुष्टिफंड हे नाव ती संस्था आजही अभिमानाने मिरविते.

गरीब मुलांच्या साह्यासाठी द्रव्य कसे जमवावे व ते कसे पोचवावे, या विषयावर आज मला दोन शब्द बोलावयाचे आहेत. दान हे पुण्य आहे, हे आपणांस सांगावयास मी नको. परंतु दान देण्याच्या पद्धतीने घेणाऱ्या मुलाच्या मनावर काय परिणाम होतो, याचा विचार आपण क्वचितच करतो, आणि माझ्या मते सर्व प्रश्नाची मेख तेथेच आहे.

मुष्टिफंडापूर्वीची आपली रूढ रीत म्हणजे माधुकरी आणि वार. कोकणातून किंवा देशावरून विद्येसाठी पुण्यासारख्या शहरी आलेला गरीब मुलगा सात घरी सात वार लावून जेवी. या रीतीने कित्येक मुले शिकली व मोठी झाली, हे कोण नाकारील? पण त्या मुलाच्या जागी क्षणभर स्वतःस कल्पून पाहा. सोमवारच्या घरी कोणाचा मुंज-समारंभ आहे, तर आज येऊ नकोस असा निरोप. बुधवारच्या घरी यजमानांचा राग आणि गृहिणीची दया, दोन्ही एकाच ताटात वाढलेली. शनिवारी पोटभर जेवावयाचे की दुसऱ्यांदा भात मागावयाचा नाही, याचा हिशेब करीत बसावयाचे. सात घरांच्या सात तऱ्हा ज्याने बाळपणी सोसल्या, तो पुढे कितीही मोठ्या पदास चढला तरी कोणाच्याही घरी पाटावर बसताना आतून अवघडलेलाच राही. अन्न देणारा हात त्याला रोज दिसत होता, हेच त्याचे कारण.

आता मुष्टिफंडात काय होते ते पाहू. शंभर घरची शंभर मूठ धान्य एका पोत्यात पडते. कोणाची ज्वारी कोणती, हे खुद्द ज्वारी देणाऱ्या बाईलाही ओळखता यावयाचे नाही. वसतिगृहात त्या धान्याची भाकर होते व ती मुलगा खातो; पण तो कोणा एका घरचा मिंधा नसतो. उपकार होतो, परंतु उपकारकर्ता हरवून जातो. ही युक्ती कोणी मुद्दाम योजिली असेल असे मला वाटत नाही. ती सोयीसाठी निघाली आणि तिच्या पोटी हा गुण आपोआप आला.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या कार्यात या पद्धतीला जे स्वरूप मिळाले, ते विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९१९ साली कऱ्हाडनजीक काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व एका पंक्तीस बसत. त्या काळी हे साधे नव्हते. ज्याच्या घरची मूठ यावयाची त्याच्याच मनात पंक्तीविषयी विकल्प असावयाचा. सातारच्या या वसतिगृहास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव महात्मा गांधींच्या हस्ते १९२७ साली मिळाले. भाऊरावांनी खेडोपाडी मुष्टिधान्य जमविले, मुलांनाही कामास लाविले. आपल्या अन्नाचा काही भाग मुलाने आपल्या श्रमाने मिळवावा, अशी त्यांची दृष्टी होती, आणि त्यामुळे त्यांच्या मुलांच्या चेहऱ्यावर लाचारी आली नाही. तरीही धान्य संपण्याचे प्रसंग येतच. असल्याच प्रसंगी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही, मुलांच्या अन्नासाठी दिले. ही गोष्ट आपण मोठ्या गहिवराने सांगतो. मला मात्र ती ऐकताना नेहमी असे वाटते की, त्या दिवशी सातारा जिल्ह्यातील किती डबे भरलेले होते आणि झोळी घेऊन जावयास माणूस नव्हता, याचाही कोणी शोध घ्यावयास हवा होता.

कारण या योजनेचे गणित अगदी साधे आहे. एक मूठ म्हणजे सुमारे पन्नास ग्रॅम धान्य धरा. महिन्याचे दीड किलो झाले. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाकाठी अर्धा किलो, म्हणजे महिन्यास पंधरा किलो धान्य लागते असे समजू. तेव्हा दहा घरांच्या मुठींवर एक मुलगा जेवतो, आणि दोनशे घरांचा एखादा मोहल्ला वीस मुलांचे वसतिगृह चालवू शकतो. कागदावर इतके सोपे! पण दोनशे दारे महिन्यातून एकदा तरी ठोठवावयास हवीत. त्यांपैकी चाळीस बंद असतात, म्हणून तेथे पुन्हा जावयास हवे. बाजरी, ज्वारी, तांदूळ एकाच झोळीत मिसळले तर दळताना पंचाईत होते, म्हणून तीन पिशव्या हव्यात. शिवाय वजन, नोंद आणि साठवण आहेच. मी स्वतः विद्यार्थिदशेत असे दोन पावसाळे हिंडलो आहे. दुसऱ्या पावसाळ्यात आमच्यापैकी दोघे परीक्षेच्या निमित्ताने गळाले, आम्ही दोन महिने त्या आळीत फिरकलो नाही, आणि जेव्हा गेलो तेव्हा एका आजीबाईंनी डबा पुढे करून आत पाखरे झालेले तांदूळ दाखविले. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या महिन्यापासून त्यांचा डबा बंद झाला. देणाऱ्याची मूठ आखडली म्हणून मुष्टिफंड बुडाल्याचे मी क्वचितच पाहिले. बहुधा तो मागणाऱ्याच्या आळसाने बुडतो.

येथे कोणी विचारील की, धनिकांच्या मोठ्या देणग्या असताना ही मुठीमुठीची यातायात कशाला? याचे उत्तर दुष्काळांच्या इतिहासात आहे. पंढरपूरचे बालकाश्रम १८७५ साली प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी काढले आणि लगेच १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ आला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून पंडिता रमाबाईंनी असंख्य निराधार मुली आपल्या आश्रयास आणिल्या व केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले. दुष्काळाच्या बातम्या ऐकून लोकांची मने द्रवतात, पैसा वाहू लागतो. पण पाऊस पडला की वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयाकडे वळतात आणि वाहता पैसा आटतो. त्या दुष्काळात चार वर्षांचे असताना पोरके झालेले मूल मात्र आणखी दहा-बारा वर्षे जेवावयाचे, शिकावयाचे व आजारी पडावयाचे असते. दयेचा पूर आणि मुलाचे वाढणे यांचा वेग कधीच जुळत नाही. मोठी देणगी इमारतीला योग्य. रोजच्या भाकरीला मात्र रोजची मूठच लागते.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांना हे फार लवकर उमगले होते. मुरूडच्या मंडळींनी आपल्या मिळकतीतील ठरावीक अंश गावासाठी बाजूला काढावा, अशी मुरूड फंडाची योजना त्यांनी तरुणपणीच केली. अनाथ बालिकाश्रमासाठी त्यांनी दारोदार पायपीट केली ती सर्वश्रुत आहे. परंतु १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढून हा पुरुष पुन्हा एकदा पै-पैशाची वर्गणी मागत हिंडू लागला, ही गोष्ट मला अधिक थोर वाटते. एव्हाना त्यांच्या शब्दाखातर चार धनिकांनी एका बैठकीत ती रक्कम दिली असती. तळेगावचा काचकारखाना १९०८ साली ज्या पैसाफंडातून निघाला, त्याचे प्रवर्तक अंताजी दामोदर काळे यांचीही दृष्टी हीच होती. त्यांचा हेतू उद्योगधंद्याचा, मुलांच्या साह्याचा नव्हे. तथापि एक पैसा देणारा मनुष्य त्या कार्याचा धनी होतो, हे तत्त्व दोहोंस समान आहे.

आता आजच्या काळाकडे वळू. १९७९ साली मुंबईत रिपन कपूर नावाच्या, विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या तरुणाने आपल्या सहा मित्रांसह अवघ्या पन्नास रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही संस्था काढली. शुभेच्छापत्रे विकून तिने घरोघरी आपले नाव पोचविले. तिच्या इंग्रजी नावात आरंभी मुलांच्या साह्याचा शब्द होता; पुढे तेथे मुलांच्या हक्काचा शब्द आला. आद्याक्षरे तीच राहिली, पण अर्थ पालटला. हा पालट केवळ नावाचा नाही. २००१ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळेत शिजविलेले अन्न मिळू लागले, शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० साली अमलात आला, अन्नसुरक्षेचा कायदा २०१३ साली झाला. कालपर्यंत जी मूठ दया म्हणून पडत होती, तिचा पुष्कळसा भाग आज मुलाचा हक्क आहे, आणि तो त्याला मिळतो की नाही हे पाहणे, हेही स्वयंसेवकाचे काम झाले आहे. धान्याची नड काहीशी कमी झाली; औषधे, प्रवास, शिकवणी आणि सांभाळणाऱ्या माणसाचा पगार यांची नड वाढली. या शेवटच्या खर्चाकडे दाते नाक मुरडून पाहतात. माझा पैसा मुलासाठीच हवा, कचेरीसाठी नको, असे ते म्हणतात. पण रात्री तापलेल्या मुलाच्या उशाशी जी बाई बसते, तिचा पगार कोणत्या सदरात घालावयाचा?

आज डब्याची जागा बँकेने घेतली आहे. एकदा संमती दिली की दरमहा ठरावीक रक्कम आपोआप जाते. पाखरे होण्याचे भय नाही. ही सोय मोठी आहे व तिचा उपयोग अवश्य करावा. मात्र दुसरी एक रीत जोर धरीत आहे, तिच्याविषयी मला भय वाटते. एका दात्याने एक मूल ‘घ्यावे’, त्याचे छायाचित्र दात्याकडे यावे, मुलाने वर्षातून दोनदा आभाराचे पत्र लिहावे. दात्याला यात आनंद होतो, आणि देणगी टिकते, हे खरे. परंतु ही वारलावणीच नव्हे काय? फरक इतकाच की यजमान दूरच्या शहरी बसला आहे. तीच गोष्ट समारंभांची. वाढदिवसाला बालगृहात केक घेऊन जावयाचे, मुलांना ओळीने उभे करून टाळ्या वाजवावयास लावावयाचे व ते चित्र साऱ्या जगाला दाखवावयाचे! आपल्या मुलाचे असे चित्र आपण काढू देऊ काय? बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्यातील ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. कित्येक सज्जन ते कलम केवळ प्रेमाच्या भरात मोडतात.

दाराशी अगर स्थानकावर कोणी वर्गणी मागावयास आला, तर त्याच्याशी कसे वागावे? त्याला हाकलू नये आणि आंधळेपणाने पैसेही देऊ नयेत. सार्वजनिक न्यासाची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते. नोंदणीचा क्रमांक विचारावा, क्रमांकित पावती मागावी, वार्षिक हिशेब पाहावयास मिळेल काय ते विचारावे. बालगृह असेल तर बालन्यायाच्या कायद्याखाली त्याची वेगळी नोंदणी लागते, तीही विचारावी. स्थानकावर उभी राहणारी तरुण मुले पुष्कळदा पगारी असतात. त्यात गैर काही नाही, पण ती तसे मोकळेपणी सांगतात की नाही, यावरून संस्थेची पारख होते. खरा कार्यकर्ता अशा प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याची वही तो आपण होऊनच पुढे करतो.

आणि ज्यांना स्वतः काही करावयाची हौस आहे, त्यांनी मोठा फंड काढण्याच्या भरीस प्रथम पडू नये. आपल्या इमारतीतील दहा बिऱ्हाडे घ्यावी. जवळची एक चांगली संस्था पाहून तिच्या चालकांना काय हवे ते विचारावे. आपणांस काय द्यावेसे वाटते ते नव्हे. मग महिन्यातील एक दिवस ठरवावा, समजा पहिला रविवार, आणि त्या दिवशी पाऊस असो, पाहुणे असोत, दहाही दारी जावे. ज्या घरी त्या महिन्यात अडचण असेल तेथेही जावे, पैसे मागू नयेत, नुसती चौकशी करून यावे. वहीत त्या घरापुढे त्या महिन्याची जागा कोरी सोडावी.