गाडी मागून का वाजते ?



आपल्या कार्यक्षेत्रात जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. कोणाच्या वाड्यात वडिलांच्या वेळची जीप उभी आहे, कोणी अजून अँबेसिडर जपून ठेवली आहे (हिचे उत्पादन २०१४ साली थांबले), तर कित्येकांकडे पंधरा-वीस वर्षे राबलेली बोलेरो आहे. या सर्व गाड्यांना मागे पाट्यांची कमान असते, आणि सर्वांची तक्रारही एकच : गाडी मागून वाजते.

तक्रार घेऊन गेले की बहुतेक ठिकाणी पहिले वाक्य ठरलेले, "शॉकअप गेलेत, बदलून टाका." शॉकअपची जोडी बदलली जाते, आणि घरच्या पाणंदीला लागेपर्यंत गाडी पुन्हा तशीच खडखडते. पैसे गेले, आवाज राहिला. त्याहून वाईट म्हणजे जो भाग खरोखर सैल झाला होता तो तसाच राहतो, आणि त्याच गाडीत घरची माणसे बसवून आपण रात्री-अपरात्री हमरस्त्याला लागतो. म्हणून सामान बदलण्याआधी आवाज ओळखावा कसा, हे आम्ही येथे सांगत आहोत. गळीत हंगाम सुरू झाला की सवड कोणालाच नसते, तेव्हा बॉयलर पेटण्याआधी एक दुपार यासाठी काढावी.

प्रथम रचना समजून घेऊ. मागचा आख दोन्ही बाजूंच्या पाट्यांवर बसवलेला असतो. सर्वांत लांब पाटा तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात. पुढचा डोळा पिनने चासीला पक्का जोडलेला असतो, मागचा डोळा शॅकलमध्ये लोंबतो. असे का, तर खड्ड्यात कमान दबली की पाटा सरळ होतो आणि त्याची लांबी वाढते. ती वाढ सामावून घ्यायला शॅकल पुढे-मागे हलावाच लागतो. डोळ्यांत बुश असतात, बहुधा रबराचे. मध्यभागी आख आणि पाटे यू-बोल्टांनी आवळलेले असतात, आणि सर्व पाट्यांमधून एक सेंटर बोल्ट जातो. त्याचे डोके आखाच्या बैठकीतील भोकात बसते. आख जागेवर राहतो तो या डोक्यामुळे आणि यू-बोल्टांच्या आवळण्यामुळे. शॉकअपचे काम वेगळे आहे. वजन ते पेलत नाहीत, कमानीची उसळी आवरतात.

आता तपासणी. सर्वांत आधी डिकी रिकामी करा. हसण्यासारखे वाटेल, पण जॅक, पाने, स्टेपनी, खताच्या गोण्यांबरोबर आलेला एखादा लोखंडी तुकडा, जीपच्या फाळक्याची साखळी यांनी भल्याभल्यांना फसवले आहे. स्टेपनी घट्ट आवळा, बाकी सर्व उतरवा आणि एक चक्कर मारून या. त्यानंतरही आवाज असेल तर तो केव्हा येतो ते पाहावयाचे. मागे एक जाणता माणूस बसवावा. चालवणाऱ्याला मागचे नेमके कळत नाही.

खड्ड्यात किंवा गतिरोधकावर आवाज येत असेल तर पाटे, बुश, शॅकल, शॉकअप यांच्याकडे जावे. रस्ता गुळगुळीत असून गियर टाकताना किंवा ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबताना 'टक्' असा आवाज होत असेल, तर तो बहुधा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा असतो. वेगाबरोबर वाढत जाणारी घूं-घूं बेअरिंगची किंवा डिफरन्शियलची, क्वचित टायरचीही. ब्रेक हलकेच दाबल्यावर खडखड थांबली तर ड्रमच्या आतील सामान पाहा. सायलेन्सरची नळी तर मोठी लबाड. तिचा टांगता रबर तुटला की ती आखावर आपटते आणि आवाज हुबेहूब पाटा आपटल्यासारखा येतो. गाडी थंड असताना नळी हाताने हलवून बघा, एका मिनिटाचे काम आहे.

आवाजाची जातही पाहावी. कुईकुई, कुरकुर म्हणजे घर्षण. खटखट म्हणजे कोठेतरी सैलपणा. मोठा धप्प आवाज, तोही भार भरलेला असताना, म्हणजे आखावरचा रबरी ठोकळा झिजला किंवा गळून पडला, आणि लोखंडावर लोखंड येत आहे. अशा वेळी पाटे बसले आहेत का हेही पाहावे लागते.

कुरकुरीपासून सुरुवात करू, कारण ती सर्वांत जास्त ऐकू येते आणि तिच्यापासून धोका सर्वांत कमी. बैलगाडीच्या आखाला वंगण नसले की ती ओरडते, हे आपणा कोणाला सांगायला नको. पण येथे एक फरक आहे. आवाज दोन जागांहून येऊ शकतो, पाट्या-पाट्यांमधील गंजातून किंवा रबरी बुशातून, आणि दोघांचा उपाय एक नाही. ओळखण्याची युक्ती पाण्याची. गाडी उभी करून मागचा बंपर दोघांनी दाबून हलवावा, आवाज यायला लागला की एका बाजूच्या पाट्यांवर पाणी सोडावे. आवाज बंद झाला तर पाटे ओरडत होते. नाही झाला तर साबणाचे पाणी एकेका बुशावर टाकत जावे. ज्या बुशावर टाकल्याबरोबर गाडी गप्प होईल तो बुश दोषी.

पाटे ओरडत असतील तर चासीखाली आधार देऊन आख लोंबता ठेवावा, म्हणजे पाटे थोडे सुटे होतात. तारेच्या ब्रशने गंज व किटण काढून फटींत ग्रॅफाइट ग्रीस भरावे. काही कमानींत पाट्यांच्या टोकांशी रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या चकत्या असतात. तेथे तेल-ग्रीस घालू नये, झिजलेल्या चकत्याच बदलाव्यात.

येथे एका जुन्या सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. इंजिनातून काढलेले काळे ऑईल पाट्यांवर फवारण्याची पद्धत गावोगाव आहे. आवाज थांबतो हे खरे, पण चार दिवस. ते ऑईल रबरी बुशांवर उडते, रबर फुगते, मऊ पडते आणि फाटते. पुढे धूळ चिकटून पाट्यांमध्ये पॉलिशपेपरसारखा थर बसतो तो निराळाच. ऑईल ड्रममध्ये गेले तर ब्रेकचीही वाट लागते. कुरकुर बंद करायला जाऊन खटखट विकत घेण्याचा हा प्रकार आहे. जुन्या जीपच्या शॅकलला ग्रीसचे निप्पल असते, तेथे आत धातूचे बुश असतात आणि त्यांना ग्रीस हवेच. निप्पल असेल तेथे ग्रीस, रबर असेल तेथे कोरडे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आता खटखट. यासाठी गाडीखाली जावे लागते, म्हणून आधी सुरक्षितपणा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, पाच मिनिटांसाठी सुद्धा नाही. विटा रचून आधार देऊ नये, वीट भार आला की फुटते. लोखंडी घोडे किंवा रुंद लाकडी ठोकळे वापरावेत. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावावेत. हँडब्रेकवर भरवसा ठेवू नये. तो मागच्या चाकांवर असतो आणि मागचीच चाके आपण उचलणार. जुन्या जीपमध्ये तर तो शाफ्टवर असतो, त्यामुळे मागचे एक चाक उचलले तरी डिफरन्शियलमुळे गाडी ढळू शकते.

लहान पहार घेऊन डोळा आणि शॅकल यांच्या फटीत घालावी व हलके उचकावे. रबर थोडे दबणारच, तो दोष नव्हे. पण पिन भोकात खडखडली, रबराचा चुरा पडला किंवा डोळा एका अंगाला घासून चकाकत असला तर बुश संपला. शॉकअपच्या दोन्ही टोकांचे बुशही असेच पाहावेत. बारीक खड्ड्यांत सतत टकटक येते ती पुष्कळदा येथून, आणि यासाठी आख्खा शॉकअप बदलण्याची गरज नसते.

शॉकअप खरोखर गेला आहे का, हे कळणे अवघड नाही. अंगावर तेल ओघळलेले दिसते. सोडवून उभा धरला आणि चार-सहा वेळा वर-खाली केला तर चांगला शॉकअप सारखा जोर मागतो. मध्येच हात मोकळा पळाला तर तो गेला. गेलेल्या शॉकअपने गाडी जास्त करून डुलते, लाटेवर गेल्यासारखी झुलत राहते. वाजतेच असे नाही. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत.

बुश बदलताना बहुतेक ठिकाणी एक गोष्ट केली जात नाही, आणि त्यामुळे नवे बुश लवकर फाटतात. मग दोष दिला जातो डुप्लिकेट मालाला. (डुप्लिकेट मालही बाजारात आहे, त्याचे वकीलपत्र आम्ही घेत नाही.) रबरी बुश बसवताना आख लोंबलेला असतो. त्याच अवस्थेत पिनचा नट पूर्ण आवळला तर रबर त्या स्थितीत पकडले जाते. गाडी खाली उतरली की डोळा फिरतो आणि रबराला कायमचा पीळ बसतो. म्हणून नट आधी हातघट्ट ठेवावेत, गाडी चाकांवर उतरवावी, दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मग शेवटचे आवळावे. बुश जागेवर सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, ग्रीस नव्हे. हे मेस्त्रींना आधी सांगावे, काम झाल्यावर नाही. राग मानणारे मेस्त्री थोडे असतात.

यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट

एवढा भाग मात्र थांबून वाचावा. गाडी सुटताना किंवा ब्रेक मारताना मागून एकच जड 'खट्ट' येते, गाडी सरळ रस्त्यावर किंचित तिरकी चालल्यासारखी वाटते, तर यू-बोल्ट सैल झाल्याचा संशय घ्यावा. ते सैल झाले की आखाचा सगळा जोर त्या एका सेंटर बोल्टवर येतो. तो तुटला की आख पाट्यावरून सरकतो, एक मागचे चाक पुढे आणि दुसरे मागे अशी अवस्था होते, आणि वेगात असताना स्टिअरिंग सांभाळणे कठीण जाते.

तपासणी टेपने होते. स्टिअरिंग सरळ ठेवून सपाट जागेवर पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे आणि दोन्ही मापे ताडून पाहावीत. ठळक फरक आढळला तर गाडी तेथेच ठेवावी. त्याच टेपने चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंत उंचीही मोजा. एक बाजू खाली बसली असेल तर त्या बाजूचा पाटा तुटला किंवा कमान मेली. चिरेचा शोध यू-बोल्टांच्या आसपास आणि डोळ्याजवळ घ्यावा. तारेच्या ब्रशने साफ करून बॅटरीच्या उजेडात पाहावे, धुळीखाली चीर दिसत नाही.

मेन पाटा तुटला असेल तर गाडी चालवत नेऊ नये, मेस्त्रीलाच बोलवावे. तुटलेला पाटा वेल्डिंग करून देणारे भेटतात. करून घेऊ नये. पाट्याचे पोलाद खास पाणी दिलेले असते, वेल्डिंगच्या आचेने शेजारचा भाग ठिसूळ होतो आणि पाटा तेथेच पुन्हा मोडतो. "एक पाटा वाढवून देतो" हाही सल्ला सर्रास मिळतो. माल नेहमीच जड असेल तर विचार करावा, पण त्याने गाडी मागून कडक होते, दणके चासीवर आणि ब्रॅकेटवर जातात, आणि रिकाम्या गाडीत बसणाऱ्याची कंबर बोलते. कमान मेली असेल तर पूर्ण संच बदलणे बरे, तेही दोन्ही बाजूंचे. पाट्यांचा गठ्ठा स्वतः सोडू नये. क्लँपमध्ये धरल्याशिवाय सेंटर बोल्ट काढला तर दाबलेले पाटे उसळून हात मोडू शकतो.

पाटे काढलेच आहेत तर यू-बोल्ट नवे घालावेत, जुने एकदा ताणले गेलेले असतात. चारही नट थोडे-थोडे, आडवे-तिडवे आवळावेत, शेवटचे आवळणे गाडी चाकांवर असताना आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोराने. काम होऊन काहीशे किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे भाग जागेवर बसताना थोडी ढिलाई येतेच. हे दुसरे आवळणे हटकून राहून जाते. यासाठी काही सभासद काम झाल्याच्या दिवशीचे किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला ऑईलपेंटने लिहून ठेवतात. इंजिनचे ऑईल बघायला बॉनेट उघडले की आकडा समोर येतो.