लॉक नेमके कशासाठी?

दोन प्रोग्राम एकाच क्षणी एकाच फोल्डरमध्ये नवी फाइल तयार करू लागले, तर फोल्डरची यादी बिघडू शकते. म्हणून फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये लॉक असते. एकाचे काम होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. १९९६ साली लिनक्स २.० अनेक प्रोसेसरांवर चालू लागले, तेव्हा त्याच्या गाभ्यातल्या, म्हणजे कर्नलमधल्या, ‘बिग कर्नल लॉक’ या एकाच लॉकवर बहुतेक भिस्त होती. प्रोसेसर वाढले, तशी त्यापुढची रांगही वाढली. तरी ते पूर्णपणे काढायला २०११ उजाडले. हे लॉक नेमके कशाचे रक्षण करते, हे कोडमध्ये कुठेच स्पष्ट नव्हते. ते धरणारे काम मध्येच थांबले की लॉक आपोआप सुटे, आणि रायझरएफएससारख्या फाइल सिस्टिमचा कोड त्यावरच विसंबलेला होता. तिला स्वतंत्र लॉक देताना ते कुठे सोडायचे आणि कुठे पुन्हा घ्यायचे, हे शोधून लिहावे लागले. माझ्या मते लॉक सुधारणे म्हणजे मुख्यतः हेच: गृहीत धरलेले उघड करणे.

मोठ्या लॉकचे तुकडे केले की झाले, असे अनेकांना वाटते. त्यावरचा आक्षेप रास्त आहे: लॉक वाढली की गुंताही वाढतो. एक काम ‘अ’ धरून ‘ब’ची वाट पाहते, दुसरे ‘ब’ धरून ‘अ’ची, आणि दोन्ही कायमची अडकतात. म्हणूनच फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना लिनक्स त्या फाइल सिस्टिमपुरते एक सामाईक लॉक आजही घेते. इथे मोठे लॉक विचारपूर्वक ठेवलेले आहे. लॉक घेण्याचा क्रम कुठे उलटा झाला, हे प्रत्यक्ष कोंडी होण्याआधीच दाखवणारे ‘लॉकडेप’ इंगो मोलनार यांनी २००६ साली कर्नलमध्ये आणले. मात्र जो कोड चाललाच नाही, त्यातली चूक त्याला दिसत नाही.

‘चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?’ हा दुसरा आक्षेप. लॉक घेण्या-सोडण्यालाही वेळ लागतो, त्यामुळे मोजमाप न करता केलेला बदल नुकसान करू शकतो, हे खरेच. पण २०१६ साली लिनक्स ४.७ मध्ये फोल्डरच्या लॉकचे वाचनासाठी आणि बदलासाठी असे दोन प्रकारचे वापर वेगळे केले गेले. एकाच फोल्डरमध्ये अनेक नावे एकाच वेळी शोधता येऊ लागली. फोल्डरच्या लॉकची संख्या वाढवावी लागली नाही. कोणत्या कामाला खरोखर एकांत हवा, हे नीट ओळखले गेले. म्हणून प्रत्येक लॉकशेजारी ते कोणत्या माहितीचे रक्षण करते आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, हे लिहिलेच पाहिजे. लोकांचा डेटा ज्या कोडच्या हाती आहे, त्याने एवढी स्पष्टता बाळगणे हे कर्तव्यच आहे.