विहिरीचे पाणी की हापशाचे?

‘पर्यावरणीय आरोग्य’ या विषयात एम.एस्सी. करायचे मी ठरवले तेव्हा घरातून फारसा विरोध झाला नाही. हा विषय म्हणजे काय हेच कोणाला माहीत नव्हते, मग विरोध कशाला करणार? आत्याने विचारले, ‘म्हणजे झाडं लावायची ना गं?’ काकांचा समज असा की, पुढेमागे मी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक होणार आणि हॉटेलांच्या मोऱ्या तपासत फिरणार. दोघेही अगदीच चुकत होते असे नाही. डॉक्टर रोग्याला तपासतात. आम्ही त्याच्या घरातली चूल, माठातले पाणी आणि कारखान्यातली धूळ तपासायची, एवढाच काय तो फरक.

अभ्यासक्रम म्हणाल तर खिचडीच होती. थोडे रसायनशास्त्र, थोडे सूक्ष्मजीवशास्त्र, नको तितके संख्याशास्त्र आणि शिवाय कायदे : पाण्याचा १९७४चा, हवेचा १९८१चा आणि भोपाळच्या वायुकांडानंतर १९८६ साली झालेला पर्यावरण संरक्षणाचा. पहिल्याच आठवड्यात जॉन स्नो भेटले. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याने माणसे पटापट मरू लागली, तेव्हा या डॉक्टरने दारोदार फिरून कोण कुठले पाणी पितो याची चौकशी केली आणि ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाचा दांडा काढून टाकायला लावला. जवळच्याच दारूभट्टीतले कामगार बचावले होते, कारण ते पाण्याऐवजी बिअर पीत. (हे ऐकून मागच्या बाकांवर जो आनंद पसरला तो वर्षभर टिकला.) कॉलऱ्याचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जगाला पटवून दिला तो त्यानंतर तीस वर्षांनी. रोगाचे कारण नेमके कळण्याआधीही त्याची वाट अडवता येते, हे आम्ही तिथे शिकलो.

पण दांडा काढला की लोक दुसरीकडचे पाणी पिणार. ते कसे असेल? हा प्रश्न पुस्तकात नव्हता. तो आम्हाला यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात भेटला.

त्याची पूर्वपीठिका थोडी सांगायला हवी. १९७२च्या दुष्काळाची आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. सुकडी आणि खडी फोडण्याची कामे यांच्याबरोबर ते विंधन विहिरींचीही आठवण काढतील. उघड्या विहिरी आटल्या होत्या, आणि ज्यांना पाणी होते त्या कॉलरा, हगवण, नारू यांच्या खाणी होत्या. कातळात खोल भोक पाडून, वरून बंद करून हापसा बसवला की घाण आत जाण्याचा प्रश्नच उरत नाही. या हापशाच्या घडणीत आपल्या जालना आणि सोलापूरचा वाटा मोठा आहे. सोलापूरच्या हापशावरूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला आणि तो जगातल्या कितीतरी गरीब देशांत पोचला. लाखो मुले त्या पाण्यामुळे जगली, हे आधी मान्य करूनच पुढचे वाचावे.

कातळातल्या काही खनिजांत फ्लोराइड असते. खोलवर, वर्षानुवर्षे दगडाला चिकटून राहिलेल्या पाण्यात ते विरघळत जाते. ना रंग, ना वास, ना चव. टूथपेस्टच्या जाहिरातीत आपण ज्याचे गुणगान ऐकतो तेच हे फ्लोराइड. थोडे असले तर दातांना बळकटी देते. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेले आणि लहानपणापासून रोज पोटात जात राहिले, की तेच दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे काढते. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे प्यायले तर सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. आपल्या देशात या रोगाची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून झाली होती. म्हणजे ठाऊक नव्हते असे नाही. हापसे बसवताना पाण्यातले जंतू पाहिले गेले, दगड पाहिला गेला नाही.

त्या गावातल्या शाळेत गुरुजी मुलांना दात न घासल्याबद्दल ओरडत असत. मुले बिचारी राखुंडीने दात घासघासून हिरड्या सोलून घेत. आमच्या पेटीतल्या परीक्षानळीत हापशाचे पाणी घेतले, थेंब टाकले, आणि गुलाबी रंग पिवळ्याकडे झुकला. दीडची रेषा बरीच मागे राहिली होती. जमलेल्या बायकांना आम्ही ते समजावून सांगितले. एकीने विचारले, ‘उकळून प्यालं तं?’ आरोग्याची सेविका येऊन इतकी वर्षे तेच तर सांगत होती. पण उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड मरत नाही. उलट पाणी आटते तसे ते दाट होते. साध्या गाळणीतून आणि मेणबत्तीच्या फिल्टरमधूनही ते सरळ पार होते. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, ‘मंग प्यावं काय बाप्पा आमी?’

नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने १९७०च्या दशकात काढलेली ‘नलगोंडा’ पद्धत आम्ही पाठ केली होती : पाण्यात चुना आणि तुरटी ठराविक प्रमाणात टाकायची, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा. शास्त्र पक्के आहे. पण प्रमाण पाण्यागणिक बदलते, हे काम रोज करायचे असते, आणि उरलेला गाळ कुठे टाकायचा हा वेगळाच प्रश्न. सरांनी आम्हाला तिथेच झाडाखाली बसवले आणि गावातली जुनी, पडीक विहीर दाखवली. तिच्या पाण्यात फ्लोराइड अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत होते, मात्र जंतू मुबलक होते. ‘गावाने कोणते पाणी प्यावे?’ सरांनी विचारले, ‘उत्तर अंधार पडायच्या आत हवे.’

वर्गाचे सरळ दोन तट पडले. उघडी विहीर सोडून हापशाकडे आलेल्या लोकांना परत विहिरीकडे पाठवायचे? हगवणीने मूल दोन दिवसांत जाते, कणा आखडायला वीस वर्षे लागतात, असे एका तटाचे म्हणणे. दुसरा तट म्हणत होता की, जंतू क्लोरिनने मारता येतात आणि तेही स्वस्तात. दगडातून उतरलेले मीठ काढणे खेड्याला झेपत नाही. तेव्हा विहीर उपसा, कठडा बांधा, वर जाळी टाका, रहाटाऐवजी पंप बसवा आणि रोज टीसीएल पावडर टाका. मी दुसऱ्या तटात होते आणि आजही आहे. मात्र एक अट मला तेव्हाच टोचत होती : रोज. एक दिवस टीसीएल चुकली की पहिला तट बरोबर ठरतो.

याच पेचाचे विक्राळ रूप बंगालच्या दोन्ही भागांत दिसले. तिथे तळ्यांच्या घाण पाण्याला पर्याय म्हणून कूपनलिका खोदल्या, आणि त्यांच्यातून आर्सेनिक आले. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३च्या सुमारास रोग्यांच्या तळहातांवरचे डाग ओळखले. बांगलादेशात पुढे विषारी नळांची तोंडे लाल आणि चांगल्यांची हिरवी रंगवली गेली.

२०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये दर गावी पाच जणींना पाणी तपासायचे शिक्षण आणि पेटी देण्याची तरतूद केली गेली. चांगलेच आहे. परंतु नळीतला रंग बदलल्यावर म्हातारीचा प्रश्न पुन्हा उभा राहणारच, आणि त्याचे उत्तर पेटीत नसते. भूजलाचे नकाशे, जवळचा तलाव, ग्रामपंचायतीचे पैसे आणि चावी सांभाळणारा माणूस, असे सारे एकत्र मांडावे लागते. आमच्या विद्यापीठाने ते मांडायला शिकवले, म्हणून त्या खिचडीबद्दल आता तक्रार नाही.

त्या गावाने विहीर उपसली. कठडा झाला, जाळी बसली. काही महिन्यांनी आम्ही गेलो तर जलसुरक्षकाने अभिमानाने ओटी टेस्टचा पिवळा रंग दाखवला. म्हातारीची मात्र तक्रार होती की, पाण्याला औषधाचा वास येतो. पाणी रात्री माठात भरून ठेवले की सकाळपर्यंत तो बराच उतरतो, हेही तिनेच शोधून काढले होते.