खवल्यांची साक्ष

हिंगण्याच्या बाजारात मासे विकायला बसलेल्या काकूंपुढे जरा रेंगाळून बघा. रोहूवर सुरी उलटी फिरली की खवले टपाटप उडतात. शेजारच्या मांगूरच्या अंगावर मात्र शोधून एक खवला सापडायचा नाही. नुसती बुळबुळीत कातडी आणि लांब मिशा!

हाच फरक ज्यू लोक हजारो वर्षं बघत आले आहेत. त्यांच्या धर्माला चालणारं अन्न म्हणजे कोशेर. डबाबंद, पाकीटबंद खाऊ घेताना ते कोशेरचा शिक्का शोधतात, कारण आत काय मिसळलंय ते बाहेरून कळत नाही. पण अख्ख्या माशाला शिक्का कशाला? पर आहेत, खवले सहज निघतात, मग चालतो. म्हणून रोहू आणि कटला चालतात. मांगूर आणि झिंगे बाद. शार्कला खवले असतात, पण ते इवल्या दातांसारखे कातडीतच रुतलेले. ओढले तर कातडी फाटेल. म्हणून शार्कही बाद!

आपल्या महाराष्ट्रातही मराठी बोलणारे ज्यू आहेत, बेने इस्राएल. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं ते सांगतात. ते तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्यातली एक जुनी कथा मला फार आवडते. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू परक्या मुलखातून आला. ही माणसं खरंच आपली का, हे पाहायला त्यानं बायकांना नाना तऱ्हेचे मासे रांधायला दिले. त्यांनी बिनखवल्यांचे मासे निवडून बाजूला काढले, आणि ओळख पटली! बाकी कितीतरी चालीरीती विसरल्या होत्या, पण चुलीपाशी हा नियम टिकला होता.

अख्ख्या माशासारखाच नागपुरी संत्रं, तांदूळ, डाळ यांनाही कोशेरचा शिक्का लागत नाही. मधाची तर गंमतच आहे. मधमाशी खायला चालत नाही, मध मात्र चालतो!

आता काकूंकडून रोहूचा एक मोठा खवला मागून घ्या. धुवा, वाळवा, भिंगातून बघा. वर्तुळात वर्तुळं दिसतील. मासा मोठा होतो तसे नवे खवले येत नाहीत, आहेत तेच वाढतात. वाढ जोरात असते तेव्हा ही वर्तुळं लांब लांब पडतात, मंदावली की दाटीवाटीनं. दाटीचे असे पट्टे मोजून शास्त्रज्ञ माशाचं वय काढतात. तुमचा रोहू किती वर्षांचा निघतो बघा!