गायरानातला खेळ

गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो, तीच उष्ण देशांतल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर अंथरलेली असते. वर्ध्याचा शेतकरी तिला हरळी म्हणतो आणि तिच्यावर चिडतो, कारण कपाशीत ती एकदा शिरली की डवऱ्याने जात नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तिथल्या ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने ह्या हरळीचा आफ्रिकेतल्या एका बारीक गवताशी संकर करून मैदानी गवताचे वाण काढले आणि जगभरची मैदाने त्यांनी भरून गेली. ह्याच बर्टनच्या संशोधनातून ‘टिफ्ट २३ ए’ हे बाजरीचे नरवंध्य वाण आले. त्याच्या आधारे लुधियानात आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी ‘एचबी १’ तयार झाली, ते साल १९६५. गोल्फ हा श्रीमंतांचा चोचला म्हणून आपण हात झटकतो. पण त्याच्या गवताची आणि आपल्या भाकरीची वाट एकाच माणसाच्या शेतातून गेली आहे, आणि ह्या खेळाकडे नीट पाहायला मला तेवढे कारण पुरेसे वाटते.

जगातली श्रेष्ठ मैदाने कोणती, याच्या याद्या दरवर्षी निघतात. त्या याद्यांत स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचे ‘ओल्ड कोर्स’ असतेच. हे मैदान कोणी आखले, याला उत्तर नाही. समुद्र मागे हटला, वाळूच्या टेकड्या उरल्या, त्यांवर आखूड गवत आले. शेतीला ती जमीन निरुपयोगी होती, म्हणून गावाने ती चराईला ठेवली. वाऱ्यापासून आडोसा शोधत मेंढ्या जिथे बसत तिथली वाळू उघडी पडली आणि खेळाडूंना छळणारे बंकर त्यातूनच झाले, असे सांगतात. लोकांना ह्या खेळाचे इतके वेड लागले की धनुर्विद्येचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ मध्ये राजा दुसऱ्या जेम्सने त्यावर बंदी घातली. १७६४ मध्ये इथे चेंडू घालायच्या खळग्यांची संख्या अठरावर आणली गेली, आणि पुढे तीच जगाने मान्य केली. जागा अरुंद. खेळाडू जायचे आणि यायचे त्याच पट्ट्यातून, म्हणून सात हिरवळी अशा आहेत की प्रत्येकीत दोन-दोन खळगे. त्या जोड्यांच्या क्रमांकांची बेरीज दरवेळी अठराच येते.

तरी ह्या मैदानाचे खरे मोठेपण मला त्याच्या कागदपत्रांत दिसते. १५५२ च्या एका सनदेने ह्या जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क मान्य केला. १७९७ मध्ये नगर परिषद कर्जात बुडाली आणि जमीन गेली ससे पाळणाऱ्या व्यापाऱ्यांकडे. सशांनी मैदान पोखरले. खेळणारे आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षे कज्जे चालले. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या स्थानिक जमीनदाराने ती विकत घेऊन खेळ वाचवला आणि १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने ती पुन्हा गावाच्या हाती आली. १९७४ पासून सार्वजनिक विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते. खेळायला जागा मिळावी म्हणून सामान्य माणूस चिठ्ठीत नाव टाकू शकतो. एरवी रविवारी खेळ बंद. त्या दिवशी गावातली माणसे पोरेबाळे आणि कुत्री घेऊन तिथे फिरतात. म्हणजे जगातले सर्वात नावाजलेले गोल्फ मैदान हे मुळात गायरान आहे आणि गावाने ते गायरान सोडले नाही.

ह्याच्या उलट टोकाला अमेरिकेतले ऑगस्टा नॅशनल. बॉबी जोन्स हा महान हौशी खेळाडू आणि अॅलिस्टर मॅकेन्झी हा डॉक्टरकी सोडून मैदाने आखणारा माणूस, अशा दोघांनी एका जुन्या रोपवाटिकेच्या जागेवर ते उभे केले. १९३३ मध्ये ते सुरू झाले. प्रत्येक खळग्याला एका झाडाचे किंवा फुलाचे नाव आहे. जमिनीचे चढउतार मॅकेन्झीने असे वापरले की जाणकार आजही त्यांचा अभ्यास करतात. १९३४ च्या मार्चमध्ये तिथे पहिली मोठी स्पर्धा झाली, पण ती पाहायला तो उरला नव्हता, जानेवारीतच गेला. कलाकृती म्हणून ऑगस्टा थोर आहे. पण तिथे पहिला कृष्णवर्णीय सभासद घेतला गेला १९९० मध्ये, आणि पहिल्या स्त्रिया २०१२ मध्ये. हे वाचल्यावर त्या फुलांचे कौतुक माझ्याने पूर्ण मनाने होत नाही.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात बसून वाचताना तिसरे एक मैदान मनाला अधिक भिडते. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात कूबर पेडी नावाचे ओपल रत्नांच्या खाणींचे गाव आहे. उष्म्यामुळे तिथली कित्येक माणसे जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात. त्यांच्या गोल्फ मैदानावर गवताची काडी नाही. हिरवळीच्या जागी तेल घालून बसवलेली वाळू, आणि खेळाडू गवताच्या गालिच्याचा एक तुकडा सोबत बाळगतो, चेंडू त्यावर ठेवून मारतो. दिवसा ऊन सोसत नाही, तर रात्री चकाकणारे चेंडू घेऊन खेळतात. त्या माणसांनी जमिनीला बदलायला लावले नाही, खेळ बदलून घेतला.

महाराष्ट्रात हा खेळ साहेबाबरोबर आला. मुंबईत १८४२ मध्येच गोल्फ क्लब निघाला होता. क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद असताना गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी साहेब आणि हिंदी माणूस दोघांनाही प्रवेश असलेला क्लब काढला, तिथे आजही गोल्फ खेळला जातो. पुण्यात जन्मलेला अनिर्बन लाहिरी आणि त्याच्या जोडीला उदयन माने टोकियो ऑलिंपिकमध्ये देशाकडून उतरले.

पण मराठी मुलखातली गोल्फ मैदानाची सगळ्यात मोलाची गोष्ट नाशिकची आहे. साहेब लोक जिथे गोल्फ खेळत, त्या मैदानाला नाशिककर अजूनही ‘गोल्फ क्लब’च म्हणतात. त्याचे अधिकृत नाव मात्र हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनला गोळी घालणारा हा कोवळा मुलगा. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. आज त्या मैदानावर रणजीचे सामने होतात, पहाटे गाव धावायला येते. सेंट अँड्र्यूजने जे कायद्याने टिकवले, ते नाशिकने उलट्या दिशेने येऊन मिळवले.

वर्ध्यात गोल्फ मैदान व्हावे, असे मी म्हणणार नाही. आपली काळी भारी जमीन पावसात फुगते, चिकटते, आणि वैशाखात पाऊल अडकेल एवढ्या भेगा देते. गोल्फला हवी पाणी झरझर उतरवणारी वाळू. धाम आणि वर्धा नद्यांचे पाणी उन्हाळ्यात त्या गवतावर ओतणे हा अन्यायच ठरेल. इथून विनोबा पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत त्यांना पहिले भूदान मिळाले. आपल्या वर्धा जिल्ह्याने जमिनीबद्दल शिकायचे ते सेंट अँड्र्यूजच्या कज्ज्यांतून शिकावे. गावाची सामायिक जमीन एकदा गेली तर परत मिळवायला पिढ्या लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग निकालात राज्यांना अशा जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याच्या योजना करायला सांगितले आहे. पोरांना खेळायला आणि गुरांना चरायला आपल्या गावात किती जमीन राखलेली आहे, हे किती जणांना ठाऊक असते? दिवाळीला गावी जाल तेव्हा तलाठ्याकडे चक्कर टाका. गायरानाचा सातबारा मागा, सोबत अतिक्रमणांची नोंद असलेला गाव नमुना १-ई पाहा, आणि जे दिसेल ते पुढच्या ग्रामसभेत उभे राहून वाचून दाखवा.